शिवण, मळसूत्र आणि चिकटपट्टी

आश्विन लागला म्हणजे कुडाळच्या बाजारांत वाहनांची सजावट करणाऱ्या दुकानांपुढें गर्दी होऊं लागते. खंडेनवमी जवळ आलेली असते. रिक्षा, टेम्पो, मोटारी यांचे मालक आपआपलें वाहन घेऊन तेथें येतात. कोणी खिडकीवर पाऊस अडविणारी पट्टी, कोणी दाराच्या कडेला रबरी कांठ, कोणी मागच्या कांचेवर रवळनाथाचें नांव, तर कोणी पुढें जादा दिवे बसवून घेतो. अशाच एका दुकानापुढें प्रस्तुत लेखक उभा असतां एक लहानसा वाद त्याच्या कानीं पडला. कारागिरानें दिव्याची बैठक पत्र्यावर टेकवून भोंक पाडण्याचें यंत्र हातीं घेतलें, तोंच रिक्षाचा वृद्ध मालक म्हणाला, "भोक मारू नको रे, दोन पावसात पत्रो गंजतलो." कारागीर हंसला, यंत्र खालीं ठेवून त्यानें चिकटपट्टीचें वेटोळें उचललें आणि म्हणाला, "चिकटवलेला टिकता, आबानू. पण आधी बरा पुसूक व्हया."

वाद तेवढ्यावर मिटला. परंतु लेखकाच्या मनांत तो घोळत राहिला. कारण तो केवळ एका रिक्षाच्या दिव्याचा वाद नव्हता. माणसानें वाहन केलें त्या दिवसापासून, मुळांत त्याचा अवयव नसलेली वस्तु त्याला मागाहून कशी जोडावी, हा प्रश्न त्याच्या मागें लागलेला आहे. आणि कोंकणच्या या दक्षिण टोंकाला, जेथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व समुद्रावरून खारा वारा येतो, तेथें तर उत्तर चुकल्यास शिक्षा फार लवकर मिळते. बाहेरून आणलेली वस्तु वाहनाला चार रीतींनीं जोडतां येते. ती दोरानें बांधतां येते. खिळा ठोकून किंवा मळसूत्र फिरवून आवळतां येते. तापलेला धातु निवतांना आकसतो, त्या बळानें कवटाळून धरतां येते. आणि डिंक, राळ वा तत्सम द्रव्यानें चिकटवितां येते. या चारही रीतींचा इतिहास या किनाऱ्यावर उभें राहून पाहिला असतां असें दिसतें कीं, यांतील कोणतीच रीत स्वभावतः श्रेष्ठ किंवा कनिष्ठ नाहीं. वस्तूवर कोणता ताण येणार, ती केव्हां व कशी सुटावी, आणि सांध्याची निगा कोण राखणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें आधीं शोधलीं, त्याचाच सांधा टिकला.

बांधण्याची रीत या प्रांतांत फार जुनी. कुडाळ गांव समुद्रकांठीं नसला, तरी या मुलखांतून वाहणारी कर्ली नदी तारकर्ली-देवबागेपाशीं समुद्राला मिळते. आणि चांगले रस्ते होण्यापूर्वीं येथील खरें वाहन म्हणजे होडी. मालवणच्या किनाऱ्यावर लहान होडीच्या एका अंगाला, पाण्यावर तरंगेल असा लांकडाचा लांबट ओंडका दोन आडव्या दांड्यांनीं जोडलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी अरुंद, आडवी लाट आली कीं ती कलंडावयाची. उलांडी तिला तोलून धरते. वाहनाला बाहेरून जोडलेल्या उपांगाचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण. ही जोडणी जुन्या कारागिरांनीं खिळ्यांवर सोंपविली नाहीं, काथ्याच्या दोरावर सोंपविली. लाटेवर होडी एक हेलकावा घेते, तर ओंडका दुसराच घेतो. सांधा ताठ असला तर दोहोंचा ताण एकाच बिंदूंत एकवटतो आणि तेथें लांकूड फाटतें. दोराच्या सांध्यांत तोच ताण वेढ्यावेढ्यांत वांटला जातो. शिवाय दोर झिजला तर तें डोळ्यांना दिसतें, आणि नवा वेढा घालावयास कोणा तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाहीं.

हेंच तत्त्व मोठ्या प्रमाणावर शिवलेल्या तारवांत दिसतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांत, ओमाना बंदरांतून अरबस्तानांत जाणाऱ्या 'मदराता' नांवाच्या शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकांत मार्को पोलो यानें हुर्मुझ येथें अशीं तारवें पाहिलीं, व तीं त्याला मुळींच पसंत पडलीं नाहींत. लोखंडी खिळा नाहीं, नारळाच्या काथ्यानें फळ्या शिवलेल्या, असल्या तारवांतून समुद्रावर जाणें त्याला जिवावरचें वाटलें. पुढच्याच शतकांतील इब्न बतूता हा मात्र याच समुद्रावर दीर्घकाळ वावरलेला प्रवासी. या शिवणीचें कारण त्यानें अचूक टिपलें आहे. या समुद्रांत खडक फार. खिळ्यांनीं जोडलेलें तारूं खडकावर आदळलें तर फुटतें, पण काथ्यानें शिवलेलें तारूं थोडें लवतें आणि म्हणून वांचतें, असा त्याचा आशय आहे. धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत समुद्रगामी नौकांना लोखंडाचा बंध नसावा असें सांगून, समुद्रांतील लोहचुंबक तो बंध ओढून घेतील अशी भीति घातली आहे. लोहचुंबकाचे पर्वत कोणी पाहिलेले नाहींत. परंतु खाऱ्या पाण्यांत लोखंडाचा खिळा नाहींसा होतो ही गोष्ट प्रत्येक नावाड्यानें पाहिलेली होती. आणि जो अनुभव शास्त्राच्या भाषेंत मांडतां येत नाहीं, तो पुष्कळदां दंतकथेच्या रूपानें टिकून राहतो.

येथें एक गैरसमज आधींच दूर केला पाहिजे. शिवलेल्या तारवाला भोंकें नसतात असें नव्हे. उलट प्रत्येक फळीच्या कडेला ओळीनें बारीक भोंकें पाडून त्यांतून काथ्या ओंवलेला असतो; फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची वळकटी दाबून बसविलेली असते; आणि भोंकांत तंतु व राळ भरून तीं बुजविलेलीं असतात. तेव्हां आमच्या पूर्वजांना भोंकांचें भय होतें असें म्हणणें बरोबर नाहीं. भोंक पाडून तें उघडें टाकणें, त्यांत पाणी मुरूं देणें आणि त्या पाण्यांत लोखंड ठेवणें, या तिन्ही गोष्टी मिळून जो अनर्थ होतो, तो त्यांनीं टाळला होता. यांपैकीं कोणत्याही दोन गोष्टी सांभाळल्या तर तिसरी बहुधा क्षम्य ठरते. आणखी असें कीं, ही शिवण कायमची मानलेलीच नव्हती. तारूं किनाऱ्यावर ओढून, सैल झालेला काथ्या काढून पुन्हा शिवणें आणि लांकडाला तेल पाजणें हा नित्याचा क्रम असे. सांधा उलगडतां येतो, म्हणूनच तो पिढ्यानपिढ्या टिकवितां आला.

ही विद्या लोपत चालली होती. परंतु अजिंठ्याच्या लेण्यांत रंगविलेल्या पांचव्या शतकांतील तारवाचा आदर्श पुढें ठेवून गोव्यांत एक शिवलेलें जहाज बांधण्यांत आलें. केरळचे कारागीर बाबू शंकरन् यांच्या मार्गदर्शनाखालीं त्याच्या फळ्या काथ्यानें शिवल्या गेल्या. २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें तें 'कौंडिण्य' या नांवानें भारतीय नौदलांत दाखल झालें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्यें मस्कतला पोंचलें. मार्को पोलोच्या शंकेला इतक्या उशिरां मिळालेलें हें उत्तर समाधानकारक म्हटलें पाहिजे.

१४९८ सालीं वास्को द गामा कालिकतला उतरला व १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. खिळ्यांनीं बांधलेलीं, तोफा वाहणारीं जहाजें या किनाऱ्यावर वारंवार दिसूं लागलीं, आणि जहाजबांधणींत खिळ्याचें महत्त्व वाढत गेलें. तोफेचा धक्का सोसावयाचा तर शिवणीची लवचिकता पुरेशी पडत नाहीं. तेथें ताठपणाच हवा. सुतारकामांतील आमचा 'बिजागरी' हा शब्ददेखील पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. खिळ्याच्या बाजूनें येथल्या भूमीनेंही एक साक्ष दिली, ती सागाच्या रूपानें. युरोपांतील ओक लांकडांत असलेलें आम्ल लोखंडाला खातें. सागांतलें तेल त्याला उलट जपतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सागाचीं जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत आहे. म्हणजे खिळा वाईट हेंही खरें नव्हे. तो कोणत्या द्रव्यांत जातो, यावर त्याचें बरें-वाईट ठरतें.

समुद्रावरून जमिनीवर यावें, तर बैलगाडीच्या चाकाला बसविलेली लोखंडी धाव ही जोडणीची तिसरी रीत दाखविते. लांकडी चाकाच्या बाह्य परिघापेक्षां धाव किंचित् लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळांत ती लाल होईपर्यंत तापवितात. मग चाकावर चढवून लगोलग पाणी ओततात. चार मीटर घेराची धाव सहाशें अंशांनीं तापली तर तिचा घेर सुमारें तीन सेंटिमीटरांनीं वाढतो. निवतांना ती तेवढीच आकसते आणि पुट्ठे, आरे व तुंबा यांना एकत्र आवळून धरते. खिळ्याचा उपयोग झाला तर तो जामिनापुरता. खरा भार आकसण्याच्या बळावर. यांतही ऋतूची जाण लागते. उन्हाळ्यांत लांकूड वाळून आकसलें कीं धाव सैल होते, आणि शहाणा गाडीवान चाक पाण्यांत भिजत घालतो.

चौथ्या रीतीकडे वळण्यापूर्वीं दुसरीचा उत्तरार्ध पाहिला पाहिजे; कारण आजच्या मोटारीचा जन्म मळसूत्राच्या पोटीं झालेला आहे. मळसूत्र हा शब्द आमच्या वाचकांना मळसूत्री जिन्यामुळें परिचित आहे. तोच वळसा धातूच्या दांड्यावर कोरला म्हणजे स्क्रू किंवा बोल्ट होतो. ही कल्पना प्राचीन. परंतु एका बोल्टाला दुसऱ्या बोल्टाची चाकी बसावी इतके सारखे आंटे पाडणें हातानें साधत नव्हतें. इसवी सन १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले यानें आंटे पाडण्याचा अचूक चरक सिद्ध केला. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यानें आंट्यांचें एक सर्वमान्य माप सुचविलें. हेन्री फिलिप्स याचा फुलीच्या खांचेचा स्क्रू १९३६ च्या सुमारास अमेरिकेंतील मोटारींच्या कारखान्यांत शिरला. कारण यंत्राचें पातें त्या खांचेंत आपोआप मध्यावर बसतें. या तीन पायऱ्यांनीं सांधा कारागिराच्या हातावर अवलंबून राहिनासा झाला. ज्याच्या हातीं पान्हा, तो जोडणारा.

आरंभीच्या मोटारींना हें सर्व मानवलें. त्यांचा सांगाडा जाड पोलादी पट्ट्यांचा असे व त्यावर पेटी ठेवलेली असे. दिवा, भोंगा, जादा चाक, पाय ठेवण्याची फळी, जें कांहीं बाहेरून जोडावयाचें तें या जाड सांगाड्याला किंवा त्यापासून निघालेल्या दांड्यांना बोल्टांनीं आवळीत. परंतु १९२२ सालची इटलींतील 'लान्चिया लांब्दा' व १९३४ सालची फ्रान्समधील 'सित्रोएन' यांपासून पुढें, वेगळा सांगाडा काढून टाकून पत्र्याच्या कवचालाच सांगाड्याचें काम देण्याची पद्धति रूढ होत गेली. शंखांतील जीवाप्रमाणें मोटारीची त्वचा हीच तिचीं हाडें झालीं. गाडी हलकी व स्वस्त झाली. पण बाह्य वस्तु जोडणाराची पंचाईत झाली. हा पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. पांच मिलिमीटर जाडीच्या सर्वसाधारण बोल्टाच्या दोन आंट्यांमधील अंतर ०.८ मिलिमीटर असतें. तेव्हां अशा पत्र्यांत जेमतेम एक आंटा धरतो. मागून चाकी लावावी तर तेथें हात पोंचत नाहीं. खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांनीं तो एकुलता आंटा झिजतो, भोंक रुंदावतें, आणि वस्तु खडखडूं लागते.

त्याहूनही मोठी गोष्ट गंजाची. कारखान्यांत पत्र्यावर जस्ताचा वा अन्य रक्षक थर देऊन त्यावर रंगाचे अनेक थर चढविलेले असतात. बाजारांत पाडलेलें भोंक हे सर्व थर एका क्षणांत भेदतें, व त्याच्या कडेला पोलाद उघडें पडतें. आषाढांतलें पाणी त्या कडेला स्क्रूच्या माथ्याखालीं साचून राहतें. समुद्रावरून आलेलें मीठ त्यांत विरघळतें. आणि दोन भिन्न धातूंमध्यें खारें पाणी आलें कीं त्यांतला दुबळा धातु झिजूं लागतो. न गंजणाऱ्या पोलादाचा स्क्रू वापरला तर स्क्रू चकचकीत राहतो आणि भोंवतालचा पत्रा खाल्ला जातो. गंजाला मूळच्या लोखंडापेक्षां किती तरी अधिक जागा लागते. म्हणून तो रंगाला आंतून उचलतो, उचललेल्या रंगाखालीं आणखी पाणी शिरतें, आणि वाटाण्याएवढ्या भोंकाचा तळहाताएवढा डाग होतो. कर्ज काढून घेतलेल्या रिक्षावर ज्याचा संसार चालतो, त्याला हें विज्ञान पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. दुकानापुढील त्या वृद्धानें तें एका वाक्यांत सांगितलें होतें. यावर उपाय नाहीं असें मात्र नाहीं. भोंकाची कड घासून तिला गंजरोधक रंग द्यावा, रंग वाळूं द्यावा, स्क्रूखालीं रबरी वायसर घालावा व वरून पाणी रोखणारें द्रव्य भरावें, म्हणजे तें भोंक पुष्कळ वर्षें निरुपद्रवी राहतें. शिवलेल्या तारवाचा कारागीर भोंकांत राळ भरीत होता तो याचसाठीं. आज घाईंत गाळली जाते ती नेमकी हीच पायरी.

आतां चिकटविण्याची रीत. हीही या मुलखाला नवी नव्हे. कुडाळ तालुक्यांतील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथींत दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं असतात, म्हणजे कथा सांगतांना पान उलटतां येतें. जवळच्याच सावंतवाडीच्या गंजिफांना चिंचोक्याच्या खळीचा लेप देत व वरून लाखेचें रोगण चढवीत. खळ, डिंक, सरस, राळ व लाख हीं सर्व द्रव्यें आमच्या कारागिरांच्या हातांतलीं. परंतु खळीला पाण्याचें वावडें, सरसाला दमट हवेचें, आणि लाखेला उन्हाचें. म्हणून पालखीच्या वा पाटाच्या सजावटीपलीकडे, उन्हापावसांत धांवणाऱ्या वाहनावर चिकटविण्याला कोणी विश्वासानें थारा दिला नाहीं.

तो विश्वास विसाव्या शतकांत, आणि विशेष म्हणजे मोटारीच्याच निमित्तानें निर्माण झाला. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत दोन रंगांच्या मोटारींची आवड वाढली. एक रंग देतांना दुसरा झांकून ठेवावयास रंगारी जो कागद चिकटवीत, तो काढतांना खालचा रंगही निघून येई. मिनेसोटा संस्थानांतील सेंट पॉल येथें, पुढें 'थ्री-एम' या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनींत काम करणाऱ्या रिचर्ड ड्रू या तरुणानें १९२५ सालीं, नीट चिकटणारी पण खूण न ठेवतां निघून येणारी कागदी पट्टी तयार केली. ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, मोटारीवरील चिकटपट्टीचा आरंभ 'घट्ट धरणें' या गुणांतून झाला नाहीं. 'वेळीं सोडणें' या गुणांतून झाला. दृढ धरणारी पट्टी त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं आली. १९८० सालीं त्याच कंपनीनें ॲक्रिलिकच्या फेंसाची, दोन्ही अंगांनीं चिकटणारी जाड पट्टी बाजारांत आणली. खिडकीवरील पट्ट्या, दाराचे कांठ, नांवाचीं अक्षरें हीं आज बहुधा अशाच जातीच्या पट्टीवर उभीं असतात.

या पट्टीचें मर्म तिच्या चिकटपणापेक्षां तिच्या लवचिकपणांत अधिक आहे. एक मीटर लांबीची ॲक्रिलिकची पट्टी उन्हांत चाळीस अंशांनीं तापली तर ती तीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. तेवढ्याच लांबीचें पोलाद जेमतेम अर्ध्या मिलिमीटरनें वाढतें. पट्टी दोन टोंकांना स्क्रूनें जखडली असेल तर हा फरक कोठें जाणार? ती मध्यें फुगते किंवा स्क्रूपाशीं तडकते. फेंसाची पट्टी मात्र तेवढी तिरपी होते आणि सांजावल्यावर पुन्हा जागेवर येते. लाटेवर होडी व उलांडी यांच्या हेलकाव्यांतील फरक काथ्या जसा पोटांत घालतो, तसाच हा प्रकार. इब्न बतूतानें शिवलेल्या तारवाविषयीं जें सांगितलें तें या बोटभर पट्टीला जसेंच्या तसें लागू पडतें, हें पाहून मौज वाटते.

परंतु चिकटण्याच्याही अटी आहेत, आणि त्या काथ्याच्या अटींहून सोप्या नाहींत. पट्टी पत्र्याला चिकटत नाहीं. पत्र्यावर जें कांहीं असेल त्याला चिकटते. त्यावर तांबड्या मातीची धूळ असली तर ती धुळीला चिकटते, मेणाचा थर असला तर मेणाला, आणि श्रावणांतल्या दमट सकाळीं अदृश्य ओलावा असला तर ओलाव्याला. म्हणून आधीं साबणाच्या पाण्यानें, मग स्पिरिटानें पृष्ठभाग पुसून कोरडा करावा लागतो. पट्टी सर्वत्र सारख्या जोरानें दाबावी लागते. आणि पूर्ण पकड येण्यास सुमारें तीन दिवस लागतात, तोंवर गाडी धुवूं नये. खुद्द प्रस्तुत लेखकानें एकदां भर पावसाळ्यांत घाईनें खिडकीच्या पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. आठ दिवसांच्या आंत त्यांतील एक फोंडा घाटांत उडून दरींत गेली. मागें कोणी दुचाकीवाला नव्हता हें नशीब. दोष पट्टीचा नव्हता, घाईचा होता.

दुसरी अट ताणाच्या दिशेची. चिकटलेली वस्तु पृष्ठभागाच्या रेषेंत ओढली तर ती फार मोठा भार सोसते. तीच एका कडेनें सोलली तर थोडक्या जोरानें निघून येते. भिंतीवर चालणारी पाल याचें उत्तम उदाहरण आहे. तिच्या बोटांवरील सूक्ष्म केंस तिचा भार ओढीच्या दिशेनें सहज धरतात, आणि पाऊल उचलतांना ती बोटें टोंकाकडून सोलून सोडवून घेते. गडाच्या कड्याला घोरपड लावून मावळे वर चढल्याची दंतकथा आमच्यांत आवडीनें सांगितली जाते. तिचें ऐतिहासिक मोल कांहींही असो, तिच्यांतील जाण खरी आहे. धरणें व सुटणें हीं एकाच गुणाचीं दोन अंगें आहेत. धांवत्या गाडीवर वारा वस्तूच्या पुढच्या कडेखालीं शिरून तिला सोलूं पाहतो, आणि गाडीचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. म्हणून हलकी, अंगासरशी बसणारी वस्तु चिकटवावी. टपावरील सामानाचा पिंजरा, ओढण्याचा आंकडा, जड दिवे असें जें जें भार वाहतें तें गाडी बांधणारानें मुळांत ठेवलेल्या जाड जागांनाच बोल्टांनीं आवळावें. सुटलेली वस्तु मालकाचें नुकसान करते तें थोडें. ती मागून येणाराच्या अंगावर जाते.

कायद्यानेंही या दोन रीतींतील भेद ओळखलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनाच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करण्यास मनाई करतें. पुढच्या बाजूला बसवीत असलेल्या लोखंडी दांड्यांच्या कठड्याविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना कारवाईची सूचना दिली. कारण हा कठडा आघाताचा जोर सरळ सांगाड्याकडे नेतो, आंतील हवेच्या उशांच्या कामांत व्यत्यय आणतो, आणि समोरच्या पादचाऱ्याला प्राणघातक होतो. शोभेची वस्तु अशी शस्त्र बनते. उलट १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीची झालेली नोंदणीची पाटी पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्याची एम. एच. ०७ ही खूण मिरविणारी ही पाटी, मोडल्याखेरीज न निघणाऱ्या कड्यांनीं जखडतात. आणि तिच्या जोडीची चिठ्ठी पुढच्या कांचेवर अशी चिकटवितात कीं, काढूं गेल्यास ती फाटून निकामी व्हावी. एक वस्तु सुटूंच नये म्हणून भेदली, दुसरी सुटली तर नष्ट व्हावी म्हणून चिकटविली. सांधा निवडणें म्हणजे त्याचा शेवट कसा व्हावा हें निवडणें, याचें इतकें स्वच्छ उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल.

चिकटपट्टीनें रस्त्यावर केलेलें एक मोठें उपकारकर्म सांगितल्यावांचून हा विषय संपवितां येत नाहीं. मालमोटारींच्या पुढें पांढरी, बाजूंना पिवळी व मागें तांबडी अशी प्रकाश परतविणारी पट्टी लावण्याचा नियम आहे. घाटावर उसाच्या बैलगाड्यांनाही ती लावतात. बाजारांत हिला 'रेडियम' म्हणतात. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें शोधलेल्या रेडियमचा अंशही तिच्यांत नसतो, आणि ती स्वतः चमकतही नाहीं. कांचेच्या बारीक मण्यांनीं अथवा तशाच रचनेनें ती समोरून आलेला प्रकाश आल्या वाटेनें परत पाठविते. मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळी रात्रीं उभी असलेली मालमोटार मागून येणाराला वेळींच दिसते ती या पट्टीमुळें. तिला भोंक लागत नाहीं, तार लागत नाहीं, वीज लागत नाहीं. लागतो तो पुसलेला पृष्ठभाग आणि धूळ बसल्यावर पुन्हा पुसणारा हात.

जुनी रीत नव्या रीतीनें नाहींशी होते असें समजण्याचेंही कारण नाहीं. १९९८ च्या २६ जानेवारीपासून कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि पुढच्या वर्षीं कोलाड ते गोव्यांतील वेर्णें अशी भरलेल्या मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सोय झाली. कुडाळ स्थानकावर उभें राहिलें असतां ही गाडी जातांना दिसते. आगगाडीच्या पाठीवर मालमोटार हें केवढें उपांग! तरी तिला कोणी मळसूत्रानें आवळीत नाहीं कीं चिकटवीत नाहीं. ती बांधतात, कारण उद्यां ती सोडावयाची असते.

दुकानापुढील त्या कारागिरानें शेवटीं काय केलें तें सांगून लेख संपवितों. त्यानें रिक्षाची पुढची बाजू दोनदां धुतली, फडक्यानें कोरडी केली, स्पिरिटाचा बोळा फिरविला आणि तो उडेपर्यंत थांबला. नांवाचीं अक्षरें व दाराचा कांठ त्यानें चिकटविला. जड दिवा मात्र त्यानें पत्र्यावर चिकटविण्याचा नाद सोडला. रिक्षाच्या सांगाड्याला मुळांतच असलेल्या एका बोल्टाखालीं पट्टी घालून तिच्यावर तो आवळला. नवें भोंक एकही पडलें नाहीं. वृद्धानें वांकून सर्व पाहिलें व मान डोलविली. खंडेनवमीच्या सकाळीं तीच रिक्षा लेखकाला पुन्हा दिसली. तिच्या कपाळावर झेंडूची माळ आणि आंब्याचा टाळ सुतळीनें बांधलेला होता. दुसऱ्या दिवशीं तो सोडला गेला असेल, आणि पत्र्यावर त्याची खूणही राहिली नसेल.